अनोळखी क्लबमध्ये ओळखीची गाणी

एखाद्या डीजेने घरी एकाच लॅपटॉपवर दीर्घकाळ सराव केलेला असतो, गाण्यांच्या याद्या लावलेल्या असतात, कोणत्या गाण्यात नेमके कोठून शिरायचे याच्या खुणाही करून ठेवलेल्या असतात. तरीही दुसऱ्या शहरातील क्लबमध्ये, त्याच कंपनीच्या आणि दिसायला जवळजवळ तशाच प्लेअरला तोच लॅपटॉप त्याच केबलने जोडला असता कधी पडद्यावर काहीच उमटत नाही, कधी चाक फिरवल्यावर गाणे हलते पण आवाज येत नाही, तर कधी आवाज व्यवस्थित येतो आणि केलेल्या खुणा मात्र गायब असतात. अशा वेळी केबलला किंवा यंत्राच्या वयाला दोष देण्याची रीत आहे, आणि ती बहुतेकदा चुकीची ठरते. एक केबल लावली म्हणजे एक जोडणी झाली असे गृहीत धरले जाते, परंतु प्रत्यक्षात तेथे तीन व्यवहार चालू असतात: गाण्यांविषयीच्या माहितीचा, हातांच्या हालचालींचा आणि प्रत्यक्ष ध्वनीचा. हे तिन्ही स्वतंत्रपणे जुळतात आणि स्वतंत्रपणेच बिघडतात, त्यामुळे कोणता व्यवहार अडला आहे हे ओळखणे हाच दुरुस्तीचा निम्मा भाग असतो.

टेबलावरची यंत्रे

जगभरातील क्लबांमध्ये डीजेच्या टेबलावर साधारणपणे दोन ते चार प्लेअर आणि त्यांच्या मधोमध एक मिक्सर असतो. प्लेअर गाणे वाजवतो, तर मिक्सर अनेक प्लेअरांचे आवाज एकत्र करून, त्यांची पातळी आणि पोत सांभाळून, ते सभागृहाच्या ध्वनियंत्रणेकडे पाठवतो. या प्लेअरांमध्ये पायोनियरच्या सीडीजे मालिकेचे प्राबल्य आहे. १९९४ मध्ये आलेल्या सीडीजे-५०० पासून तिची वाटचाल सुरू झाली. २००१ च्या सीडीजे-१००० ने मोठ्या चाकाच्या साहाय्याने सीडीलाही विनाइल तबकडीसारखे हाताने मागे-पुढे फिरवण्याची सोय दिली. २००९ च्या सीडीजे-२००० बरोबर रेकॉर्डबॉक्स हे गाणी तयार करण्याचे सॉफ्टवेअर आणि पेनड्राइव्हचा वापर रुळला. २०१६ मधील सीडीजे-२००० एनएक्सएस२ आणि २०२० मधील सीडीजे-३००० हे आज सर्वाधिक आढळणारे नमुने असून, त्यांपैकी दुसऱ्यात तबकडी घालण्याची खाचच उरलेली नाही. दिसायला ते वाद्यासारखे असले तरी आतून ते संगणकच आहेत, आणि प्रत्येकाचे अंतर्गत सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, वेगवेगळ्या वेळी अद्ययावत केलेले असते.

लॅपटॉपवरील सॉफ्टवेअरचे घर वेगळे असते. सेराटो न्यूझीलंडमधील ऑकलंडचे, ट्रॅक्टर बर्लिनमधील नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे, आणि रेकॉर्डबॉक्स मात्र प्लेअर बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे. पुढच्या बहुतेक अडचणी या घराण्यांच्या भेदातून निर्माण होतात. माध्यम स्थळाशी जुळवून घेण्याची गरज मात्र संगणकापूर्वीचीच आहे. १९८० च्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावरील रात्रीच्या मैफिलींत उष्म्याने विनाइल तबकड्या वाकत असल्यामुळे कॅसेट आणि पुढे डॅट ही अंकीय ध्वनिफीत वापरली गेली, आणि तेथील संगीताची लांबच लांब, सावकाश मिसळत जाणारी घडण काही अंशी त्या फितींच्या मर्यादांतूनही आली असावी.

माहितीचा व्यवहार: खुणा कोठे लिहिलेल्या असतात

गाण्याची फाइल आणि त्या गाण्याविषयीची माहिती या दोन भिन्न गोष्टी आहेत. ठोक्यांची जाळी, म्हणजे गाण्यातील प्रत्येक ताल-ठोका नेमका कोणत्या क्षणी पडतो याची नोंद, तसेच प्रवेशाच्या खुणा, पुनरावृत्तीचे तुकडे आणि याद्या हे सर्व सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने साठवते. सेराटो खुणा आणि ठोक्यांची जाळी प्रामुख्याने गाण्याच्या फाइलमधीलच माहितीच्या कप्प्यात लिहिते, तर याद्या स्वतःच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. ट्रॅक्टर आपल्या संग्रहाची नोंद संगणकावरील एका मोठ्या फाइलमध्ये करते. रेकॉर्डबॉक्स पेनड्राइव्हवर पायोनियर नावाचे फोल्डर तयार करून त्यात एक माहितीकोश आणि प्रत्येक गाण्यामागे विश्लेषणाच्या छोट्या फाइली लिहिते.

सीडीजे प्लेअर शोधतो तो हा शेवटचा माहितीकोश. म्हणून सेराटोत तयार केलेला पेनड्राइव्ह त्याला लावल्यास गाणी फोल्डरच्या क्रमाने दिसतात आणि वाजतातही, परंतु खुणा दिसत नाहीत. त्या पुसल्या गेलेल्या नसतात, फाइलमध्ये त्या जशाच्या तशा असतात. प्लेअर तो कप्पा उघडतच नाही, एवढेच. उलट, अनेकांना सुरक्षित वाटणाऱ्या रेकॉर्डबॉक्सच्या पेनड्राइव्हलाही अलीकडे फाटा फुटला आहे. २०२३ मध्ये आलेल्या ओपस-क्वाड या यंत्रासाठी डिव्हाइस लायब्ररी प्लस नावाचा नवा माहितीकोश आणला गेला, आणि त्या यंत्राला जुना माहितीकोश वाचता येत नाही, तर जुन्या प्लेअरांना नवा कळत नाही. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या दोन्ही लिहू शकतात, मात्र पूर्वी भरलेला पेनड्राइव्ह तसाच खिशात घालून नेल्यास एका क्लबमध्ये भरलेला आणि दुसऱ्यात रिकामा भासतो.

याच्याही खाली एक पायरी आहे. पेनड्राइव्हवर जागेची मांडणी कोणत्या पद्धतीने केली आहे, यावर तो वाचला जाईल की नाही हे ठरते. फॅट३२ ही जुनी पद्धत या मालिकेतील यूएसबी प्लेअरांना चालते, विंडोजची एनटीएफएस त्यांना चालत नाही, आणि एक्सफॅट केवळ काही नव्या यंत्रांत चालते. ध्वनिफाइलींचेही तसेच: एमपी३, एएसी, वेव्ह आणि आयफ हे प्रकार सर्वत्र वाजतात, परंतु फ्लॅक हा ध्वनीची हानी न करता आकार कमी करणारा प्रकार सीडीजे मालिकेत एनएक्सएस२ पासून पुढेच चालतो. सर्वांत चकवणारा प्रकार वेव्ह फाइलींचा आहे. काही ध्वनिसंपादन सॉफ्टवेअर फाइलच्या आरंभीच्या माहितीत विस्तारित प्रकाराचा संकेत लिहितात. आतील ध्वनी अगदी साधा असूनही तो संकेत पाहताच जुने प्लेअर ई-८३०५ ही चूक दाखवून फाइल नाकारतात. लॅपटॉपवर उत्तम वाजणारी फाइल क्लबमध्ये न वाजण्यामागे अनेकदा केवळ आरंभीच्या काही बाइट्सचा फरक असतो.

हालचालींचा व्यवहार: मिडी आणि एचआयडी

लॅपटॉपवरील सॉफ्टवेअर प्लेअरच्या चाकाने आणि बटणांनी चालवायचे असेल, तर प्लेअरने आपल्या प्रत्येक हालचालीची वार्ता यूएसबी केबलवरून लॅपटॉपला द्यावी लागते. यासाठी दोन पद्धती प्रचलित आहेत.

मिडी ही १९८३ पासूनची, वाद्यांना परस्परांशी जोडण्यासाठी ठरवलेली पद्धत आहे. तिच्यातील साधा नियंत्रण-संदेश ० ते १२७ अशा १२८ किमतींपैकी एक किंमत वाहून नेतो. बटणासाठी हे पुरेसे आहे, परंतु गाण्याचा वेग बदलणाऱ्या सरकपट्टीसाठी अपुरे. ती पट्टी वेग ८ टक्क्यांनी वाढवू किंवा घटवू शकत असेल, तर एकूण १६ टक्क्यांचा पल्ला १२७ पायऱ्यांत विभागला जातो आणि एक पायरी सुमारे ०.१२६ टक्के होते. हवा असलेला वेग दोन पायऱ्यांच्या बरोबर मध्ये आला, तर अर्ध्या पायरीची चूक राहते. ती कितीही क्षुल्लक वाटली तरी एका मिनिटात दोन गाण्यांचे ठोके सुमारे ३८ मिलिसेकंदांनी सरकतात, आणि तेवढे सरकणे नाचणाऱ्यांनाही जाणवते. दोन संदेश जोडून १६,३८४ किमती पाठवण्याची सोय मिडीत आहे, परंतु यंत्र आणि सॉफ्टवेअर या दोघांनीही ती वापरलेली असावी लागते.

एचआयडी ही मूळची कीबोर्ड आणि माउस यांसाठी असलेली यूएसबीची पद्धत. यंत्र आपल्या सर्व बटणांची, चाकांची आणि पट्ट्यांची सद्यःस्थिती एका अहवालाच्या रूपाने सतत पाठवत राहते, आणि सॉफ्टवेअर उलट दिशेने गाण्याचे नाव, उरलेला वेळ व तरंगरेषा प्लेअरच्या पडद्यावर पाठवू शकते. सूक्ष्मता भरपूर, आणि डीजेला लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत राहण्याची गरज नाही. तोटा असा की अहवालातील कोणता बाइट कोणत्या बटणाचा, हे प्रत्येक निर्माता स्वतः ठरवतो. मिडीत वापरकर्ता एखादे बटण दाबून ते हव्या त्या क्रियेशी स्वतः जोडू शकतो; एचआयडीत मात्र तो विशिष्ट नमुना ओळखण्याची व्यवस्था सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाच आधी लिहावी लागते. नवा प्लेअर बाजारात येऊनही जुन्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरला तो दिसत नाही, याचे कारण हेच. त्यात परवान्याचाही प्रश्न मिसळतो, कारण काही यंत्रे जोडताच सॉफ्टवेअरचे सर्व कप्पे उघडतात, तर इतर यंत्रांसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि हे क्लबच्या दारात कळणे फारसे उपयोगाचे नसते.

सर्व काही जुळलेले असूनही पडदा कोरा राहण्याचे आणखी एक साधे कारण आहे. प्लेअरला पेनड्राइव्ह, जाळ्यातील दुसरा प्लेअर आणि लॅपटॉप असे अनेक स्रोत असतात, आणि केबल लावल्याने स्रोत आपोआप बदलत नाही. प्लेअरवरील स्रोत निवडण्याच्या बटणाने त्याला लॅपटॉपच्या नियंत्रणात न्यावे लागते, आणि नंतर तो सॉफ्टवेअरमधील कोणता डेक चालवणार हेही सांगावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये एक गाणे वाजवण्याच्या कप्प्याला डेक म्हणतात. दोन्ही प्लेअर चुकून एकाच डेकला जोडले गेले, तर दोन चाके एकाच गाण्याशी झगडू लागतात.

टाइमकोड: सुराच्या रूपाने आलेली हालचाल

ज्या प्लेअरला सॉफ्टवेअर अजिबात ओळखत नाही, त्यालाही लॅपटॉपशी जोडण्याचा एक जुना आणि अतिशय चतुर मार्ग आहे. या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समधील एन२आयटी या कंपनीने विकसित केलेल्या आणि स्टँटन या कंपनीने बाजारात आणलेल्या फायनल स्क्रॅच या प्रणालीने तो लोकप्रिय केला, आणि २००४ मध्ये रेन या कंपनीच्या साधनांसह आलेल्या सेराटो स्क्रॅच लाइव्हने तो क्लबांत स्थिर केला. यात प्लेअरवर गाणे वाजवले जात नाही. टाइमकोड नावाचा एक विशिष्ट सूर वाजवला जातो, जो श्रोत्यांपर्यंत न जाता लॅपटॉपकडे जातो.

महामार्गावरून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून मैलाचे दगड पाहणारा प्रवासी डोळ्यांसमोरून दगड किती भराभर सरकतात यावरून गाडीचा वेग आणि दगडावरील आकड्यावरून आपले ठिकाण ओळखतो. सॉफ्टवेअर त्या सुराकडे नेमके असेच पाहते. सेराटोचा सूर सामान्य वेगाला १,००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १,००० कंपनांचा असतो. प्लेअरचा वेग ८ टक्क्यांनी वाढवला तर तो १,०८० हर्ट्झ होतो आणि सॉफ्टवेअर प्रत्यक्ष गाण्याचा वेग तेवढाच वाढवते. डाव्या आणि उजव्या बाजूंचे सूर पाव कंपनाने मागे-पुढे ठेवलेले असतात, त्यामुळे कोणता आधी येतो यावरून चाक पुढे फिरते आहे की मागे, हे कळते. कंपनांच्या उंचीत केलेल्या सूक्ष्म फरकांतून शून्य आणि एक यांची मालिका उमटते, आणि तीवरून तबकडीवरील नेमकी जागा समजते.

हे तत्त्व लक्षात घेतले की अनोळखी प्लेअरवरील चमत्कारिक वर्तनाचा उलगडा होतो. आधुनिक प्लेअरांवर मास्टर टेम्पो नावाचे बटण असते, जे वेग बदलला तरी सुराची उंची तीच ठेवते. गाण्यासाठी ते उपयुक्त, परंतु टाइमकोडसाठी घातक, कारण वेग वाढवूनही सूर १,००० हर्ट्झवरच राहिला तर सॉफ्टवेअरला एकीकडे वेग बदललेला दिसत नाही आणि दुसरीकडे जागा मात्र भराभर पुढे सरकताना दिसते. म्हणून टाइमकोड वाजवताना ते बटण बंदच असले पाहिजे. सीडीजे-३००० मध्ये तबकडीची खाच नसल्याने टाइमकोड फाइलच्या रूपाने पेनड्राइव्हवर न्यावा लागतो, आणि ती फाइल एमपी३ न करता वेव्ह ठेवावी लागते. एमपी३ कानाला न जाणवणारे तपशील गाळून आकार कमी करते, आणि सॉफ्टवेअरला हवे असलेले सूक्ष्म फरक नेमके त्या गाळात जातात.

सॉफ्टवेअरमध्ये या सुराची तपासणी करणारे एक छोटे चित्र असते, ज्यात डावी बाजू आडव्या आणि उजवी बाजू उभ्या अक्षावर आखलेली असते. सर्व ठीक असल्यास तेथे स्वच्छ वर्तुळ दिसते. वर्तुळाऐवजी आडवी किंवा उभी रेघ दिसली तर एका बाजूची केबल निसटलेली आहे, तिरकी रेघ दिसली तर कोठेतरी दोन्ही बाजू एकत्र मिसळल्या गेल्या आहेत, आणि वर्तुळ नीट असूनही गाणे उलटे वाजत असेल तर डावी-उजवी केबल बदललेली आहे. सीडी आणि यूएसबी प्लेअरांचा संकेत लाइन पातळीचा, तर विनाइल टर्नटेबलचा फोनो पातळीचा, म्हणजे कित्येक पटींनी क्षीण असतो. लाइन संकेत फोनो खाचेत घातल्यास तो प्रमाणाबाहेर वाढून फाटतो आणि वर्तुळाचा पार विस्कळीत गोळा होतो.

ध्वनीचा व्यवहार: आवाज कोठून बाहेर पडतो

माहिती पोहोचली, हालचाली कळल्या, तरी गाणे लॅपटॉपमध्ये तयार होते आणि तेथून ते मिक्सरपर्यंत यावे लागते. यासाठी ध्वनिसाधन लागते, जे अंकांचे विद्युत-संकेतात रूपांतर करते. ते तीन ठिकाणी असू शकते: मिक्सरच्या आत, प्लेअरच्या आत किंवा डीजेने सोबत आणलेल्या स्वतंत्र डब्यात. डीजेएम-९००एनएक्सएस२ सारख्या मिक्सरमध्ये ते असते. ॲलन अँड हीथच्या झोन:९२ या तंत्रज्ञांच्या आवडत्या मिक्सरमध्ये ते नाही, आणि तेथे लॅपटॉप आणणाऱ्याला स्वतःचा डबा लागतो. मॅकवर अनेक ध्वनिसाधने वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात, विंडोजवर मात्र निर्मात्याचा ड्रायव्हर सहसा आधी बसवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे इंटरनेट, परवानग्या व पुन्हा सुरू करणे हे सारे कार्यक्रमाच्या वेळी करणे अवघड जाते. मिक्सरचा नमुना आधी विचारून ड्रायव्हर घरीच बसवणे म्हणूनच शहाणपणाचे. मुंबई-पुण्यातील अनेक कार्यक्रमांत यंत्रे भाड्याने येत असल्याने ही चौकशी क्लबपेक्षा भाड्याने देणाऱ्याकडे केलेली बरी.

मिक्सरच्या प्रत्येक मार्गिकेवर स्रोत निवडणारा एक खटका असतो. टाइमकोड वापरताना प्लेअरचा सूर लाइन खाचेतून मिक्सरमध्ये शिरतो, मिक्सर तो यूएसबीने लॅपटॉपकडे पाठवतो, आणि गाणे यूएसबीनेच त्याच मार्गिकेवर परत येते. खटका यूएसबीऐवजी लाइनवर राहिला, तर सभागृहाला गाण्याऐवजी तो कर्कश सूरच पूर्ण आवाजात ऐकू येतो.

चौकट: विलंबाचे गणित

लॅपटॉप ध्वनी एकेक नमुना न पाठवता गठ्ठ्यांत पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना १२८ नमुन्यांच्या गठ्ठ्यास २.९, ५१२ च्या गठ्ठ्यास ११.६ आणि १,०२४ च्या गठ्ठ्यास २३.२ मिलिसेकंद लागतात. टाइमकोडमध्ये सूर आत येताना आणि गाणे बाहेर जाताना असा हा विलंब दोनदा होतो. गठ्ठा लहान केला तर हाताला प्रतिसाद चटकन मिळतो, परंतु लॅपटॉपला तो वेळेत भरता आला नाही की आवाजात कडकड उमटते. हवेत ध्वनी ११.६ मिलिसेकंदांत जेमतेम ४ मीटर जातो, म्हणजे डीजेच्या बाजूचा कर्णा तेवढा दूर ठेवला तरी तेवढाच उशीर होतो; गठ्ठा अकारण लहान करण्यापूर्वी कर्ण्याची जागा पाहावी.

बदलाची वेळ

गाणे लॅपटॉपमध्ये तयार करण्यापेक्षा वेगळा, केबल एकच लागणारा मार्गही आहे. प्रो डीजे लिंक या नावाने प्लेअर आणि मिक्सर इथरनेटच्या साध्या जाळ्याने जोडलेले असतात, प्रत्येक प्लेअरला वेगळा क्रमांक असतो, आणि एका प्लेअरमधील पेनड्राइव्ह इतरांनाही वाचता येतो. रेकॉर्डबॉक्स असलेला लॅपटॉप याच जाळ्याला लावल्यास तो केवळ गाण्यांचा साठा म्हणून काम करतो. गाणे वाजवणे, त्याचा वेग बदलणे आणि ध्वनी बाहेर पाठवणे ही सर्व कामे प्लेअर करतो. तिन्ही व्यवहारांपैकी एकच लॅपटॉपवर राहिल्याने बिघडण्याच्या जागा कमी होतात. दोन प्लेअरांना एकच क्रमांक दिला जाणे किंवा लॅपटॉपची सुरक्षा-भिंत संदेश अडवणे, एवढ्याच मोठ्या अडचणी उरतात.

खरी परीक्षा एक डीजे थांबून दुसरा सुरू होण्याच्या मिनिटांत होते, कारण आधीच्याचे शेवटचे गाणे वाजत असतानाच पुढच्याला केबली लावाव्या लागतात. त्याने आपली केबल न वाजणाऱ्या प्लेअरला आधी लावावी, वाजणाऱ्याला हात लावू नये, आणि आधीच्याचा पेनड्राइव्ह कोणत्या प्लेअरमध्ये आहे हे विचारून घ्यावे, कारण वाजणारे गाणे शेजारच्या प्लेअरमधून जाळ्यावाटे येत असण्याची शक्यता असते. तो पेनड्राइव्ह चुकून काढला गेलाच, तर अनेक प्लेअर स्मृतीत असलेले शेवटचे चार ठोके पुन्हा पुन्हा वाजवत राहतात आणि सावरायला अवधी मिळतो. एचआयडी किंवा टाइमकोडने वाजवताना ही सोय मिळत नाही, कारण ध्वनी लॅपटॉपमध्ये तयार होत असतो आणि केबल निसटली की मागे काहीच उरत नाही. म्हणून सेराटो किंवा ट्रॅक्टर वापरणारेही रेकॉर्डबॉक्सने भरलेला, फॅट३२ मांडणीचा एक पेनड्राइव्ह सोबत ठेवतात आणि तो मोकळ्या प्लेअरमध्ये घालून त्यातील एखादे लांब गाणे आधीच तयार ठेवतात. लॅपटॉप अडकला तर स्रोत बदलून ते सुरू करता येते आणि लॅपटॉप पुन्हा सुरू होण्यास लागणारी मिनिटे त्या गाण्यात निघून जातात.